गंज निघावा, लोखंड राहावे: मोटारीच्या लहान भागांवरील गंज आणि जुना रंग काढण्याविषयी

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यातील वस्त्यांत शिरले, तेव्हा अकोट्यातील आमच्या इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये काकांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी दोन दिवस दारांच्या मुठींपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर इंजिन आणि वायरिंग मेकॅनिकने हाती घेतले; बॅटरीखालचा ट्रे, बॉनेटच्या बिजागऱ्या, वायपरचे दांडे, जॅक, हेडलाइटच्या कड्या आणि पन्नास-साठ नट-बोल्ट असा ढीग मात्र वर्तमानपत्रावर पसरून माझ्या वाट्याला आला. गंज आणि चाळीस वर्षांत एकावर एक चढलेले रंगाचे थर काढून हे भाग पुन्हा वापरण्याजोगे करायचे होते. पहिल्याच दिवशी मी दाराची एक मूठ संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये बुडवून ठेवली. तासाभराने पाहिले, तर क्रोमचा मुलामा जागोजागी उडालेला होता आणि खालच्या धातूला बारीक बारीक छिद्रे पडली होती. मूठ लोखंडाची नव्हतीच. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव वस्तू होती, आणि त्या ॲसिडमध्ये जस्त गंजापेक्षाही वेगाने विरघळते.

तेव्हापासून कोणताही उपाय करण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारतो: हा उपाय गंजाखेरीज किंवा रंगाखेरीज आणखी काय खातो? गंज काढणारी साधने पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक आपले काम चोख करतात. अडचण गंज निघत नाही ही नसते; गंजाबरोबर चांगला धातू, शेजारचा मुलामा, हाताची कातडी किंवा फुप्फुस यांपैकी काहीतरी खर्ची पडते, ही असते. पुढे जे सांगायचे आहे ते सगळे या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तिघे एकत्र आले की लोखंडाच्या पृष्ठभागावर जणू एक सूक्ष्म बॅटरी तयार होते. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, शेजारच्या दुसऱ्या जागी प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि दोन्हींच्या संयोगातून पाणी धरून ठेवणारी लोखंडाची तांबूस ऑक्साइडे तयार होतात. पाण्यात मीठ असले तर वीज वाहणे सोपे होते आणि ही क्रिया वेग घेते. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर बसतो, पण तो घट्ट आणि सलग असल्यामुळे खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो सच्छिद्र असतो आणि ज्या लोखंडापासून बनतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, त्याचे पोपडे सुटतात, आणि त्या फटींतून ओल आणखी खोल जाते. रंगाच्या थराला एका ठिकाणी टवका उडाला, की गंज तेथून रंगाखाली सरकत जातो आणि वरून रंग धड दिसत असतानाच खाली धातू पोखरला जातो. त्यामुळे भाग गंजलेला असेल, तर जुना रंग काढल्याशिवाय गंजाचा खरा विस्तार कळत नाही.

हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की उघड्या लोखंडावर गंज धरण्याचा वेग एकदम वाढतो. बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण तो शेवटी पुन्हा कामाला येणार आहे.

कामाची सुरुवात धातू ओळखण्यापासून करावी, आणि त्यासाठी घरातला कोणताही लोहचुंबक पुरतो. चुंबक घट्ट चिकटला तर भाग लोखंडाचा, पोलादाचा किंवा बिडाचा आहे. चिकटला नाही तर तो ॲल्युमिनियम, जस्ताचा मिश्रधातू, पितळ किंवा विशिष्ट प्रकारचे स्टेनलेस स्टील असू शकतो. जुन्या मोटारींत कार्बुरेटर, दारांच्या मुठी आणि शोभेची चिन्हे बहुधा जस्ताची ओतीव असतात. चुंबक चिकटूनही फसगत होऊ शकते, कारण पुष्कळसे नट-बोल्ट पोलादाचे असले तरी त्यांवर जस्ताचा पातळ मुलामा असतो. पांढुरका किंवा सोनेरी-पिवळा रंग दिसला तर तो मुलामा अजून शिल्लक आहे असे समजावे. असा बोल्ट ॲसिडमध्ये टाकला तर गंजाआधी मुलामाच जातो. क्रोम केलेल्या भागांवर तुरळक ठिपक्यांसारखा गंज असेल, तर तेथे कोणतेही रसायन न वापरता स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून, पाण्यात भिजवून, हलक्या हाताने घासावी. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि ठिपके निघून जातात.

धातूंची वर्गवारी झाली की ग्रीस आणि तेलकट मळ काढावा. रॉकेल किंवा डिझेलमध्ये ब्रशने धुऊन, नंतर भांडी घासण्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुतले की पुरे. पेट्रोल वापरू नये, कारण त्याची वाफ दूरवरच्या ठिणगीनेही पेटते. ही पायरी टाळली तर पुढचे कोणतेही द्रावण तेलाच्या थराखाली पोचत नाही आणि आपण उगाच द्रावणाला दोष देत बसतो.

आता जुना रंग. तो खरवडण्यापूर्वी त्यात काय असू शकते याचा विचार केला पाहिजे. मारुतीच्या मूर्तीला परंपरेने ज्या शेंदराचे लेपन होते, तो शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि हाच पदार्थ कित्येक दशके लोखंडावरच्या अस्तरात जगभर वापरला गेला, कारण तो गंज खरोखर उत्तम रोखतो. पिवळ्या आणि केशरी रंगांतही शिशाचे क्रोमेट असे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो घरगुती रंगांपुरता आहे, आणि १९८४ सालच्या गाडीचा रंग तर त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून जुन्या भागावरच्या रंगात शिसे आहे असे गृहीत धरूनच काम करावे. शिसे शरीरात धूळ आणि धूर यांच्या वाटे जाते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते, आणि घरात आलेली धूळ लादीवरून रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात सहज जाते. हे टाळण्याचा मार्ग साधा आहे: कोरडे घासू नये. पॉलिश पेपरऐवजी वॉटर पेपर घ्यावा, भाग सतत ओला ठेवावा, खाली प्लास्टिक अंथरावे, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. ब्लो लॅम्पने किंवा हीट गनने रंग जाळून काढण्याची पद्धत कारखान्यांत दिसते. शिसे असण्याची शक्यता असताना ती मी सुचवणार नाही, कारण तापलेल्या शिशाचा धूर डोळ्यांना दिसत नाही.

पोलादाच्या भागांवरच्या जुन्या तेली एनॅमलसाठी कॉस्टिक सोडा हे अत्यंत प्रभावी आणि स्वस्त साधन आहे. अशा रंगातली बांधणी तेलापासून झालेली असते, आणि कॉस्टिक तेलाचे जे करतो तेच या रंगाचेही करतो, म्हणजे त्याचा साबण बनवतो. तेल आणि कॉस्टिक यांपासून घरी साबण करणाऱ्यांना ही क्रिया ओळखीची आहे. एक लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम कॉस्टिक पुरतो. कॉस्टिक नेहमी गार पाण्यात थोडा थोडा टाकावा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, कारण विरघळताना एवढी उष्णता निर्माण होते की द्रावण उसळून अंगावर येऊ शकते. भाग रात्रभर बुडवून ठेवला तर सकाळी रंग सुरकुतलेल्या सालीसारखा सुटून येतो. पोलादाला कॉस्टिक काही करत नाही. ॲल्युमिनियमला आणि जस्ताला मात्र तो झपाट्याने खातो आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो; त्यामुळे चुंबकाची चाचणी येथे केवळ सोयीची राहत नाही, ती सक्तीची ठरते. मनुष्याच्या डोळ्याशी कॉस्टिकचे वैर ॲसिडपेक्षाही वाईट आहे, कारण तो ऊती विरघळवत खोल जात राहतो. डोळे पूर्ण झाकणारा चष्मा आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नये, आणि थेंब उडालाच तर वाहत्या पाण्याखाली डोळा निदान १५ ते २० मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

अलीकडच्या गाड्यांवरचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग, इपॉक्सी आणि पावडर कोटिंग यांच्यापुढे कॉस्टिकची मात्रा चालत नाही. तेथे लोक दुकानातला पेंट रिमूव्हर आणतात. तो कसला आहे हे डब्यावर वाचून घ्यावे. जुन्या पद्धतीच्या जलद रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते. ते मिनिटांत रंग फुगवून उचलते, पण सुमारे ४० अंश सेल्सिअसलाच उकळते. बडोद्यात मे महिन्यात दुपारचा पारा त्याच्या वर जातो, त्यामुळे तापलेला डबा उघडताना आतला दाब फवाऱ्यासारखा बाहेर येऊ शकतो. याची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती टबात आणि खोलगट जागेत साचते. शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद न्हाणीघरात याच वाफेने माणसे दगावल्यामुळे अमेरिकेने २०१९ मध्ये असे रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकण्यास बंदी केली. साधे रबरी हातमोजेही त्याला काही मिनिटांपेक्षा अधिक काळ थोपवत नाहीत. बेंझिल अल्कोहोलवर आधारलेले सावकाश काम करणारे रिमूव्हर मिळत असेल तर तेच घ्यावे, लेप देऊन प्लास्टिकने झाकावे आणि अर्धा दिवस थांबावे. बिजागरीसारख्या भागासाठी एवढा धीर धरता येतो. ॲल्युमिनियमच्या आणि जस्ताच्या भागांवरचा रंग काढण्यासाठीही हाच मार्ग सर्वांत सुरक्षित आहे.

रंग गेल्यावर गंजाचे खरे रूप दिसते. सुटलेले पोपडे आधी तारेच्या ब्रशने काढावेत. ड्रिलला किंवा ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश काम पटापट करतो, परंतु त्यातल्या तारा तुटून सुईसारख्या उडतात, म्हणून चेहरा झाकणारी काच हवी. शिवाय फिरता ब्रश गंजाला खड्ड्यातून बाहेर काढण्याऐवजी पुष्कळदा वरून घोटून चकचकीत करतो. वरवर पाहता भाग स्वच्छ दिसतो, पण खड्ड्यांच्या तळाशी गंज तसाच असतो आणि रंगाखालून वर्षभरात पुन्हा वर येतो. खड्डे पडलेल्या भागासाठी म्हणूनच द्रावण किंवा ब्लास्टिंग यांपैकी एकाचा आधार घ्यावा लागतो.

ब्लास्टिंग म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण भागावर मारणे. हे काम घरी होत नाही. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला ते करून देणारे कारखाने आहेत. तेथे काम देताना कोणते कण वापरणार हे विचारावे. जाड ब्रॅकेटला ॲल्युमिनियम ऑक्साइड चालते, पातळ पत्र्याला आणि ॲल्युमिनियमला काचेचे बारीक मणी बरे. नदीची किंवा कसलीही सिलिकायुक्त वाळू उघड्यावर मारणाऱ्याला काम देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. बडोद्याहून फार दूर नसलेल्या खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या कित्येक घरांनी हा आजार पिढ्यान्पिढ्या भोगलेला आहे. आपल्या बिजागरीवरचा गंज स्वस्तात निघावा म्हणून दुसऱ्याच्या फुप्फुसाची किंमत मोजली जाऊ नये.

द्रावणांमध्ये सगळ्यात सहज मिळणारे म्हणजे संडास धुण्याचे, हायड्रोक्लोरिक ॲसिड असलेले द्रव. ते गंज विरघळवते हे खरे, पण आपला प्रश्न त्याला विचारला तर उत्तर फार लांब येते: ते जस्त खाते, क्रोम खाते, गंज संपल्यावर पोलादही खाते, आणि त्याच्या वाफेने त्याच खोलीतली पकड, पाने, ड्रिलची टोके चार दिवसांत तांबूस होतात. ब्लीचिंगशी त्याचा संपर्क आला तर क्लोरीन वायू सुटतो. मी ते कपाटातून काढून टाकले.

त्याच्या जागी मी लिंबाची फुले वापरतो, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड. चिंच लावल्यावर पितळेचे तांब्या-पेले उजळतात ते चिंचेतल्या टार्टारिक ॲसिडमुळे, आणि सायट्रिक त्याच प्रकारचे आहे. हे ॲसिड दोन कामे करते: गंज सोडवते, आणि सुटलेल्या लोखंडाच्या आयनाला खेकड्याने नांगीत धरावे तसे धरून पाण्यात तरंगत ठेवते, म्हणजे तो पुन्हा भागावर बसत नाही. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबाची फुले आणि भांडी घासण्याच्या साबणाचे काही थेंब घालून भाग पूर्ण बुडवावा. हलका गंज दोन-तीन तासांत निघतो, जाड गंजाला रात्र लागते. मधून मधून बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासावे, कारण सुटलेला काळसर चिखल खालच्या थराला झाकून ठेवतो. भाग राखाडी दिसू लागला की काढून घ्यावा. गंज संपल्यावरही बुडवून ठेवला तर हे सौम्य ॲसिडसुद्धा चांगले पोलाद कुरतडू लागते. त्याच द्रावणात थोडा धुण्याचा सोडा घातला, तर फेस ओसरल्यावर ॲसिडचा तिखटपणा कमी होतो, गंज धरून ठेवण्याची शक्ती बरीचशी टिकते, आणि पोलादावरचा हल्ला मंदावतो. बिडाच्या भागावर शेवटी काळी काजळी उरते. ती बिडातल्या कार्बनची असते, नवा गंज नव्हे; ब्रशने घासली की निघते.

येथे एका धोक्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. पोलाद ॲसिडमध्ये असताना त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो. त्यातला बहुतेक बुडबुड्यांच्या रूपाने उडून जातो, पण काही अणू पोलादाच्या आत शिरतात. साध्या मऊ पोलादाला त्याचे विशेष काही होत नाही. कठीण आणि ताणाखाली काम करणारे पोलाद मात्र त्यामुळे ठिसूळ बनते, आणि भाग बसवून, पक्का आवळून, गाडी चालू लागल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणतीही सूचना न देता तडकतो. बोल्टच्या डोक्यावरचे आकडे यासाठी वाचावेत. ८.८ मधील पहिला आकडा शंभराने गुणला की सुमारे ८०० मेगापास्कल एवढी त्याची ताणशक्ती समजते, १०.९ आणि १२.९ म्हणजे १०००च्या आणि १२००च्या घरातले पोलाद. १०.९ आणि त्यावरचे बोल्ट, सर्व प्रकारच्या स्प्रिंगा, आणि सर्क्लिप (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कड्या) यांना ॲसिड दाखवूच नये. मुलामा देणारे चांगले कारखाने असे भाग ॲसिडमधून काढल्यावर सुमारे २०० अंशांच्या भट्टीत कित्येक तास ठेवतात, जेणेकरून अडकलेला हायड्रोजन बाहेर पडावा. घरी ही व्यवस्था नसते, म्हणून अशा भागांना तारेचा हातब्रश, रॉकेल आणि कष्ट एवढेच द्यावे. आणि सस्पेन्शनचा किंवा स्टिअरिंगचा बोल्ट असेल तर सरळ नवा आणावा.

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी मळीचा (मोलॅसिसचा) उपाय आहे. साखर कारखान्यातली मळी एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिश्रण करून भाग त्यात एक ते तीन आठवडे बुडवून ठेवावा. मळीतले घटक लोखंडाच्या आयनांना सायट्रिकसारखेच धरून ठेवतात, आणि अडचणीच्या कोपऱ्यांतलाही गंज निघतो. मिश्रण आंबते आणि वास उग्र येतो, त्यामुळे हे गच्चीच्या टोकालाच ठेवावे लागते. जॅकचा मळसूत्री दांडा मी याच रीतीने सोडवला, कारण त्याच्या आट्यांत कोणताही ब्रश पोचत नव्हता.

मला स्वतःला सर्वांत विश्वासाची वाटणारी पद्धत विजेची आहे. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन लिटरला ५ ते १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग तारेने मधोमध टांगून १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडावा, आणि भंगारातली लोखंडी पट्टी किंवा सळई भागाला न टेकता बादलीच्या कडेला उभी करून धन टोकाला जोडावी. दोन-तीन अँपिअर प्रवाह पुरेसा असतो. भागावर बारीक बुडबुडे येऊ लागतात, गंजाचा काही भाग काळ्या, सहज पुसल्या जाणाऱ्या रूपात बदलतो आणि उरलेला सुटून पडतो. गंज संपला की खालचे पोलाद तसेच राहते, कारण ऋण टोकाला लोखंड विरघळत नाही. आमच्या प्रश्नाला एवढे समाधानकारक उत्तर दुसरी कोणतीही पद्धत देत नाही. टोके उलटी जोडली गेली तर मात्र पट्टी वाचते आणि भाग झिजतो, म्हणून चार्जर सुरू करण्यापूर्वी तारा दोनदा तपासाव्यात. सोड्याऐवजी मीठ घालू नये, कारण क्लोरीन सुटतो. भंगार म्हणून स्टेनलेसची पट्टी वापरू नये. त्यातून षट्संयुजी क्रोमियम पाण्यात उतरते आणि ते कर्करोगकारक आहे. बुडबुडे हायड्रोजनचे असल्यामुळे बादली उघड्या हवेत ठेवावी, जवळपास विडी-काडी नसावी, आणि तारा काढताना आधी चार्जर बंद करावा म्हणजे ठिणगी पडणार नाही. नव्या स्वयंचलित चार्जरपैकी बरेचसे बॅटरी जोडलेली दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, त्यामुळे जुना साधा चार्जर बरा. पट्टीसमोरची बाजू लवकर साफ होते आणि मागची उशिरा. भाग फिरवत राहावा किंवा चारही बाजूंना पट्ट्या उभ्या कराव्यात. स्प्रिंगा आणि कठीण बोल्ट येथेही नकोत, कारण हायड्रोजन येथेही आहे.

बाजारात गंजाचे रूपांतर करणारी द्रावणेही मिळतात. त्यांतल्या अनेकांत टॅनिक ॲसिड असते. लोखंडी विळीवर आवळा चिरला की विळी काळीनिळी पडते, आणि पूर्वी हिरडा व हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून शाई होत असे. दोन्हीकडे टॅनिन आणि लोखंड यांचे तेच काळे संयुग तयार होते. गंजावर हे द्रावण लावले की गंज त्या स्थिर काळ्या थरात बदलतो. जेथे हात पोचत नाही अशा पोकळीत त्याचा उपयोग आहे. सुट्या काढता येणाऱ्या भागावर मात्र ते लावून गंज झाकण्यापेक्षा गंज काढावा, असे माझे मत आहे, कारण द्रावण जाड गंजात तळापर्यंत मुरत नाही.

आता तो आर्द्रतेचा आकडा. गंज काढलेले लोखंड हे सर्वांत उघडे लोखंड असते. धुऊन ठेवलेला भाग पावसाळी हवेत चहा होईपर्यंत पुन्हा पिवळसर दिसू लागतो; कित्येकांना वाटते की द्रावणानेच काम अर्धवट केले. म्हणून ॲसिडमधून काढलेला भाग आधी सोड्याच्या पाण्यात बुडवून आंबटपणा मारावा, मग कढत पाण्यात बुडवून काढावा, म्हणजे तो स्वतःच्या उष्णतेने झटकन सुकतो, आणि आट्यांतले पाणी हेअर ड्रायरने घालवावे. पुसताना उघड्या बोटांनी हात लावू नये, कारण घामातले मीठ बोटांच्या ठशांसकट गंज उमटवते. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, प्रायमरचा पहिला हात द्यावा. फॉस्फोरिक ॲसिडचे सौम्य द्रावण शेवटी लावले, तर लोखंडावर फॉस्फेटचा करडा थर बसतो आणि त्यावर रंग अधिक घट्ट धरतो. मात्र दुकानातल्या द्रावणावरची धुण्याची सूचना तंतोतंत पाळावी. मी ही सगळी कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळचे दव उडाल्यावर करतो.

प्रायमर म्हणून आपल्याकडे रेड ऑक्साइड सर्रास वापरतात. त्याचा तांबडा रंगही लोखंडाच्या ऑक्साइडचाच असतो, पण ते ऑक्साइड स्थिर असून रेझिनमध्ये बांधलेले असते, त्यामुळे ते गंजाला जन्म देत नाही. तथापि साधे रेड ऑक्साइड ओल पूर्ण अडवत नाही. त्यावर रंगाचे दोन हात दिले नाहीत तर एका पावसाळ्यात खाली गंज धरतो. बॅटरीखालच्या ट्रेसाठी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमरच घ्यावा, कारण तेथे बॅटरीच्या ॲसिडचा ओलावा पोचतो. बिजागरीच्या खिळीला, बोल्टच्या आट्यांना आणि जेथे दोन धातू एकमेकांवर घासतात तेथे रंग देऊ नये, ग्रीस द्यावे. विजेची परतीची तार गाडीच्या सांगाड्याला जेथे जोडतात (बॉडी अर्थ) त्या जागीही रंग नको, नाहीतर दिवे मंद होतात.

ब्रेकच्या भागांना वरीलपैकी काहीही लागू करू नये. ब्रेकच्या नळीवर खड्डे पडले असतील तर ती बदलावी. जुन्या ब्रेक शूजच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तेथली धूळ हवेने उडवू नये की कोरडी घासू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

शेवटी उरतात बादल्या. सायट्रिकच्या द्रावणात फेस येणे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घालावा, कॉस्टिक मात्र वेगळा ठेवावा आणि त्यात ॲसिड ओतून तो शमवण्याचा प्रयोग करू नये. दोन्ही द्रावणे झाकून दोन दिवस स्थिर ठेवली की तळाशी गाळ बसतो. वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. रंगाची साल, तो गाळ आणि फडके यांत शिसे असू शकते, त्यामुळे ते कुंडीत, बागेत किंवा घरच्या ओल्या कचऱ्यात जाता कामा नये. मी ते सुकवून एका पत्र्याच्या डब्यात साठवतो, डब्यावर मोठ्या अक्षरांत त्यात काय आहे ते लिहितो, आणि डबा भरला की महानगरपालिकेच्या गाडीवर घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा सोपवतो.